अडतीस घरांचा नाताळ

सिस्टरबाईंना 'कमी' हा शब्द ऐकू येत नसे. कान चांगले होते. भट्टीच्या आत पत्रा जरा सरकला तरी बाहेरच्या बाकावरून ओरडत, "भाऊ, डावीकडचा लागतोय!" पण मी म्हटलं, "बाई, यंदा काजू जरा कमी घालू या," की त्या चष्मा काढून पुसायला घेत. पुन्हा म्हटलं की दुसरी काच पुसत. तिसऱ्यांदा म्हटलं की विचारत, "अंडी बघून घेतलीत ना? एखादं फुटकं असायचं." तीस वर्षं हेच चाललं. तीस वर्षं मी दर डिसेंबरात त्या बाईवर चिडलो, आणि अजूनही माझी चीड गेलेली नाही.

मी लिहिणारा माणूस नव्हे. चौथीत बसलो होतो, पास झालो नाही, आणि त्याची मला लाजही नाही. आमचे पूर्वज सरदारांच्या पागेबरोबर उज्जैनला आले. घोडे गेले, सरदार गेले, आम्ही राहिलो. वडिलांनी देवास गेटजवळ भट्टी घातली. पाव, टोस्ट, खारी. तिच्यासमोर मी पन्नास वर्षं उभा राहिलो. हे लिहिलेलं नातीनं तपासून दिलं आहे. ऱ्हस्व-दीर्घ तिचे, बाकी सगळं माझं. मजकुराला मी तिला हात लावू दिला नाही.

सिस्टरबाई म्हणजे फ्रीगंजातल्या एका खाजगी प्रसूतिगृहातल्या नर्स. मूळच्या नगरकडच्या ख्रिस्ती. नवरा इथल्या कापडगिरणीत फिटर होता. गिरणी बंद पडली आणि दोन वर्षांत तोही गेला. बाईंनी दोन-दोन पाळ्या करून मुलाला शिकवलं, तो बंगळूरला गेला. मोहल्ल्यातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली. माझी दोन्ही. रस्त्यात भेटल्या की आधी त्यांच्या ख्रिस्ती रिवाजानं "सलाम भाऊ" म्हणायच्या आणि मग लगेच, "तुमच्या धाकट्याचं डोकं किती मोठं होतं हो, आईला फार त्रास दिला त्यानं." धाकटा आता चाळिशीचा आहे. तो त्यांना बघून गल्ली बदलायचा.

आमच्याकडे एक पद्धत होती. नाताळच्या आधीच्या आठवड्यात ख्रिस्ती घरं आपापलं सामान घेऊन भट्टीवर येत. मैदा, साखर, लोणी, अंडी, मेवा सगळं घरचं. भट्टी आणि हात आमचे. डब्यात घरधन्याच्या नावाची चिठ्ठी टाकायची म्हणजे अदलाबदल नको. आणि घरातलं एक माणूस समोर बसून राही, कारण लोणी आणि काजू ही अशी वस्तू आहे की भट्टीवाल्यावर कोणीच विश्वास ठेवत नाही. ठेवूही नये. सिस्टरबाई सकाळी आठला येत, छातीला नर्सचं उलटं घड्याळ लावून. बाकावर बसून लोणी-साखर स्वतः फेसत. माझा कारागीर रामलाल म्हणायचा, "सिस्टरजी, लाओ मैं कर दूँ, आपका हाथ दुखेगा." त्या म्हणायच्या, "तू फेंटेगा तो तेरा पसीना गिरेगा इसमें. चल, भट्टी देख." रामलाल हसत आत जायचा. बाकीच्या लोकांना तो घाबरवायचा, ह्यांना तो घाबरायचा.

ताटं किती? दोन-चार नव्हे. अडतीस. कारण बाईंकडे दिवाळीला अडतीस घरांतून फराळाची ताटं येत. बाई ती ताटं धुऊन, पुसून स्वयंपाकघरातल्या फळीवर रचून ठेवत आणि नाताळपर्यंत परत करत नसत. आपल्याकडे ताट रिकामं परत करायचं नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक. पण लोक त्यात चिमूटभर साखर घालून मोकळे होतात. बाईंना ते पटायचं नाही. "साखर काय हो, औषधाच्या पुडीसारखी? भरून आलेलं ताट भरून गेलं पाहिजे." मग पंचवीस डिसेंबरला ताटं निघत. केक, चार करंज्या, ओल्या नारळाच्या वड्या, चिवडा. अंडं न खाणारी नऊ घरं होती, त्यांना केकच्या जागी नानकटाई, तीही नुसत्या लोण्याची. वर इथल्या भैरवगढच्या ठशांच्या छापाचा रुमाल. हे रुमाल दरवर्षी नवीन. चादर आणून घरी कापून शिवत आणि ताटाबरोबर तिकडेच सोडून येत. आमच्या घरात अजून त्यातले सतरा-अठरा आहेत, बायको भाकऱ्या गुंडाळते.

लोकांना गंमत वाटायची. मला वाटायची नाही, कारण मी सामानाच्या पिशव्या बघत होतो. दिवाळीचा खर्च कसा असतो, तर सगळ्या मोहल्ल्यात वाटलेला. ह्या घरातलं त्या घरात जातं, त्या घरातलं ह्या घरात येतं. चार जिन्नस करा, ताटात दहा जमतात. सिस्टरबाईंच्या नाताळात येणारं काही नाही, नुसतं जाणारं. अडतीस घरांची दिवाळी एका बाजूला आणि एका विधवा बाईचा नाताळ दुसऱ्या बाजूला. त्यात लोण्याचा भाव बघा. काजूचा बघा. अंडी तर थंडी पडली की चढतातच, जशी काही कोंबड्यांनाही सण कळतो. शिवाय दारावरचा तारा, चर्चचं दान, आणि गाणी म्हणायला येणारी मंडळी. वीस-पंचवीस माणसं दारात उभी राहून गातात, त्यांना चहा आणि खायला द्यायचंच. बाई त्यांना बटाटेवडे करून घालत. मी म्हटलं, "बाई, बिस्किटं द्या." चष्मा पुसायला घेतला.

एकदा मी स्पष्टच बोललो. "सिस्टरबाई, टावर चौकात तयार केक मिळतो. पुठ्ठ्याच्या खोक्यात. छोटे छोटे आणा, वाटून टाका. पोराला सांगा, तो तिकडून मोबाइलवर मागवेल."

"त्यानंही हेच सांगितलं."

"मग?"

"मग मी त्याला म्हटलं, तू पण मोबाइलवर ये."

त्या वर्षी तो आला नव्हता. पुढे दोन-तीन वर्षंही आला नाही. विमानाचं तिकीट डिसेंबरात महाग असतं म्हणे. सगळंच महाग असतं डिसेंबरात.

प्रसूतिगृहातून बाई निवृत्त झाल्या ते थोडेसे पैसे घेऊन. खाजगी नोकरी, पेन्शन कुठलं. घरोघरी जाऊन इंजेक्शन देत, ड्रेसिंग बदलत. मग गुडघे गेले, जिने चढवेनात, आणि तेही सुटलं. मुलगा पाठवायचा, पण मागितल्याशिवाय नाही, आणि मागणं हा शब्दही त्यांना ऐकू येत नसे. ह्या काळात त्यांचे दात पडले. वरचे सगळे, खालचे पुढचे. कवळी करायची होती. दातांच्या डॉक्टरनं माप घेतलं होतं, किंमत सांगितली होती. पहिल्या वर्षी म्हणाल्या, "नाताळ होऊ दे, मग करते." दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षीही तेच. बाई भात कुस्करून आणि पाव दुधात भिजवून दिवस काढत होत्या आणि लोकांसाठी काजू-अक्रोडाचे केक करत होत्या. स्वतःला एक करंजी चावता येत नव्हती. मी चिडणार नाही तर काय करणार?

"बाई, आधी दात," मी म्हटलं.

"दात माझे आहेत, भाऊ. ताटं लोकांची आहेत."



आता ज्या डिसेंबरची गोष्ट सांगायची ती इथं येते. गुडघे इतके सुजले होते की बाईंना बाकावर बसवेना. त्यांनी ऑटोवाल्याबरोबर सामान पाठवलं. सगळ्या पिशव्या नीट बांधलेल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी, लोण्याची पाकिटं ओल्या फडक्यात. मागून फोन आला. "भाऊ, मी येत नाही. तुम्हीच घाला सगळं. माझ्या जागी तुम्ही बसलात असं समजते."

एवढ्या वर्षांत कोणत्याही गिऱ्हाइकानं मला असं म्हटलं नव्हतं. वडिलांनाही म्हटलं नसेल.

आणि मी काय केलं? मी अर्धं लोणी काढून बाजूला ठेवलं आणि तेवढं वनस्पती तूप घातलं. काजू-अक्रोड निम्मे काढले. नानकटाईत तर सगळंच वनस्पती. रामलालनं एकदा माझ्याकडे बघितलं. "दादा, सिस्टरजी का माल है."

"पता है. अपना काम कर."

"बैठी नहीं है, इसलिए?"

"बोला ना, काम कर!"

चोरी करत नव्हतो. देवाशपथ सांगतो, एक काजू माझ्या घरी गेला नाही. वाचलेलं लोणी, वाचलेला मेवा ओळखीच्या किराणावाल्याला परत द्यायचा, पैसे घ्यायचे, त्यात आपले थोडे घालायचे आणि बाईंच्या हातात ठेवायचे. जा, कवळी करून या. एवढाच विचार होता. कोणाला काय कळतंय, केक तो केक, वरून तर तांबूस दिसतो. मला माझ्या अकलेचा अभिमानच वाटला. तीस वर्षं जे बाईंनी ऐकलं नाही, ते मी न बोलता करून दाखवलं होतं.

ताटं गेली. आमच्या घरीही आलं. सव्वीस तारखेला सकाळी दुकानासमोर ऑटो थांबला आणि बाई काठी टेकत उतरल्या. "सलाम" म्हणाल्या नाहीत.

"भाऊ, केकमध्ये काय घातलंत?"

"तुम्ही पाठवलं ते."

"मला दात नाहीत. जीभ आहे."

मी गल्ल्यामागून पाकीट काढलं आणि समोर ठेवलं. "हे घ्या. कवळीचे पैसे. लोणी थोडं वाचवलं. ओरडू नका, तुमच्याच भल्याचं केलंय. एका तरी घरातून तक्रार आली का? सांगा, एका तरी?"

बाई पाकिटाकडे बघत राहिल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मलाही चढवता आला असता.

"तक्रार कोण करतं हो, भाऊ? सणाच्या ताटाची तक्रार कोणी करतं? अडतीस घरं मनात म्हणतील, बाईंचा हात आखडला. म्हणतील, गरीब झाली बिचारी. तुम्हाला माझी कीव आली होती तर तुमच्या घरात बसून करायची. माझ्या ताटात का घातलीत?"

"खायला दात नाहीत आणि..."

"माझ्या जागी बसवलं होतं मी तुम्हाला."

एवढंच बोलल्या. पाकीट तिथंच राहिलं. ऑटोवाल्यानं हात दिला, तो धरला नाही, काठीच्या आधारानं चढल्या. रामलाल आतून बघत होता. मी त्याच्यावर ओरडलो की टोस्ट जळतायत. टोस्ट जळत नव्हते.

माफी मागायला मी गेलो नाही. मला वाटत होतं, चूक त्यांची आहे. आजही अर्धी चूक त्यांचीच आहे असं मला वाटतं, हे मी लपवणार नाही. भलं करायला गेलेल्या माणसानं काठी टेकत आलेल्या बाईसमोर मान खाली घालायची? आमच्या घराण्यात नाही ते. बायको म्हणाली, "जाऊन या एकदा, त्यांच्याकडे चहा घेऊन या, माफी नका मागू हवं तर." मी म्हटलं, "त्यांनी आधी यावं." वर्षभर हे चाललं. त्यांचं घर माझ्या दुकानापासून चालत सात मिनिटांवर.

पुढच्या दिवाळीला बायको त्यांच्याकडे फराळ देऊन आली आणि म्हणाली, "फळीवर ताटं फार कमी दिसली हो. बऱ्याच जणींनी कागदी डब्यातून दिलंय." मी म्हटलं, आजकाल सगळेच तसं देतात. तेव्हा मला त्यातलं काही उमगलं नाही. उमगून घ्यायचं नव्हतं, असं म्हणा.

डिसेंबर आला. सामान भट्टीवर आलं नाही. मला वाटलं, दुसऱ्या कुठल्या बेकरीत गेल्या असतील, जाऊ देत. मग कळलं की बाई घरीच करतायत. प्रेशर कुकरमध्ये खाली वाळू टाकून, शिटी काढून, एका वेळी एक केक. गुडघे सुजलेली बाई स्टुलावर बसून तीन आठवडे अडतीस घरांचं भाजत होती. दोन सिलिंडर संपले. म्हणजे भट्टीपेक्षा दुप्पट खर्च! मला इतका संताप आला की मी त्या दिवशी एका गिऱ्हाइकाचे पाव मोजताना दोनदा चुकलो. लोणी सगळं घातलं असणार. काजूही सगळे. आणि कवळी अर्थातच नाही.

पंचवीसला आमच्याकडे ताट आलं. मला वाटलं होतं, आपलं घर यंदा वगळतील. नाही वगळलं. केक खालून करपला होता, कुकरमध्ये करपतोच. बायकोनं माझ्यासमोर तुकडा ठेवला. मी करपलेलं काढलं नाही, तसाच खाल्ला. लोणी कळत होतं. तरीही मी गेलो नाही.

उन्हाळ्यात बाई गेल्या. दुपारी पडल्या, शेजारणीनं बघितलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मुलगा विमानानं आला. तेव्हा बरं तिकीट मिळालं.

काही दिवसांनी त्यानं घरी स्मरणाची प्रार्थना ठेवली. अंगणात खुर्च्या, पाळकसाहेब, मोहल्ल्यातली सगळी. प्रार्थना झाल्यावर मुलगा म्हणाला, आईबद्दल कोणाला दोन शब्द बोलायचे असतील तर बोला. एक मास्तर उठले, बाळंतपणांबद्दल बोलले. मग बँकेतल्या वहिनी उठल्या. त्यांचं घर बाईंच्या समोरचं. फार चांगल्या बाई आहेत, मनात काही वाईट नाही. म्हणाल्या, "सिस्टरबाईंचा नाताळचा केक आम्ही कोणी विसरणार नाही. शेवटी शेवटी परिस्थिती ओढग्रस्तीची झाली होती, आम्हाला कळत होतं. एका वर्षी तर केकला तुपाचा वास येत होता, काजू शोधावे लागत होते. आम्ही सगळ्यांनी ओळखलं. पण कोणी एका शब्दानं बोललो नाही. उलट ठरवलं, त्यांना आता ताटं पाठवायची नाहीत, कागदी डबे पाठवू. म्हणजे परत करायचं ओझं नको. त्यांना संकोच वाटू नये म्हणून."

सगळ्यांनी माना हलवल्या. कोणी डोळे पुसले.

मी शेवटच्या रांगेत होतो. माझ्या कानात भट्टी पेटल्यासारखा आवाज व्हायला लागला. अडतीस घरांना कळलं होतं. पहिल्या घासाला कळलं होतं. बाई सव्वीस तारखेला जे म्हणाल्या ते शब्दन् शब्द खरं झालं होतं, आणि ती फळी रिकामी होताना त्या एकट्या वर्षभर बघत होत्या. म्हणून तो कुकर. म्हणून ते दोन सिलिंडर.

मी उठलो. चारचौघांत मी कधी बोललेलो नाही, लग्नातही नाही. म्हटलं, "ते वनस्पती मी घातलं. बाईंनी पूर्ण लोणी दिलं होतं. पूर्ण काजू दिले होते. मी काढले. त्यांना माहीत नव्हतं. त्यांचा हात आखडला नव्हता."

 मला वाटलं, आता मुलगा ओरडेल, मास्तर काहीतरी बोलतील, कोणी तरी म्हणेल की अरे माणसा, काय केलंस हे. मी तयार होतो.

बँकेतल्या वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. शेजारच्या बाईला म्हणाल्या, "बघा, गेलेल्या माणसाची अब्रू राखायला स्वतःवर घेतात. असे लोक राहिले नाहीत आता."

"अहो वहिनी, खरं सांगतोय मी!"

"बसा, दादा, बसा," मास्तर म्हणाले. मुलानं येऊन माझा हात दोन्ही हातांत धरला. "काका, आई तुमच्याबद्दल कायम चांगलंच बोलायची." म्हणजे बाईंनी त्यालाही सांगितलं नव्हतं.

मी पुन्हा म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. कोणीतरी पाण्याचा पेला आणून दिला. कोणीतरी पाठीवर हात ठेवला. त्यानंतर मी सहा-सात घरी जाऊन वेगवेगळं सांगून पाहिलं. सगळीकडे चहा मिळाला. रामलालला साक्षीला न्यावं म्हटलं तर तो काम सोडून गावी गेलाय. मोहल्ल्यात आता माझी फार इज्जत आहे. दोन घरांनी यंदाच्या दिवाळीला मला ताट भरून पाठवलं.

बोललेलं कोणी मानत नाही, म्हणून लिहून ठेवतो आहे. लिहिलेलं तरी मानाल. त्या वर्षी सिस्टरबाईंनी अडतीस घरांसाठी पूर्ण लोणी दिलं होतं, चांगलं, ओल्या फडक्यात गुंडाळून. काजू-अक्रोड होते तेवढे सगळे दिले होते. तुमच्या ताटात जे आलं ते बाईंच्या घरचं नव्हतं. ते देवास गेटच्या भट्टीवरचं होतं, आणि ते घालणारा मी आहे.